पाणबुड्यांची पाच घड्याळे आणि त्यांची वासलात

मी, राघवेंद्र मार्तंड जळकोटकर, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे (आधी लातुरात, आता नांदेडात), राहणार भाग्यनगर, नांदेड, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली नव्हे, तर रागाच्या भरात लिहून ठेवत आहे. राग हा कायद्याने दबाव धरला जात नाही, असे माझे वकील अ‍ॅड. गुरुलिंग यांनी सांगितले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या महिन्यात हृदयात स्टेंट बसवला. डोक्याला कुणी हात लावलेला नाही. तसे डॉ. शिवशंकर यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. डॉक्टरांना दहावीत संस्कृत मीच शिकवले, त्यामुळे ते अगदीच तटस्थ आहेत असे म्हणता येणार नाही. पण त्यांना तेव्हाही माझ्या बुद्धीबद्दल शंका नव्हती, फक्त उपयोगाबद्दल होती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आता करण्याचे कारण असे की माझ्या मालमत्तेची वाटणी मी जिवंत असतानाच सुरू झाली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मोबाइल हाती आला आणि पहिला फोन पुण्याच्या एका अनोळखी गृहस्थांचा आला.

"काका, ते स्कॉटलंडचं घड्याळ आहे का अजून?"

"आहे. का बरं?"

"नेटवर फोटो बघितला. यज्ञेश सरांचा फोन लागेना. वॉरंटी कार्डाच्या फोटोत तुमचा नंबर दिसला, म्हणून लावला. शेवटचा भाव सांगा."

मी त्यांना सांगितले की माझा शेवटच अजून ठरायचा आहे, भाव त्यानंतर. ते म्हणाले, "चालेल, मी थांबतो." थांबण्याची इतकी तयारी मी फक्त नातेवाइकांत पाहिली होती.

ते फोटो टाकणारा यज्ञेश हा माझा धाकटा भाऊ. लातुरात त्याचा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आहे. त्याची मुलगी मृण्मयी, वय एकवीस, ही परीक्षा तीनदा देऊन बसली. माझी घड्याळे विकून तिच्यासाठी खाजगी कॉलेजात जागा घ्यायची, असा यज्ञेशचा बेत आहे. मृण्मयीला डॉक्टर व्हायचे नाही. तिला पाणबुडी व्हायचे आहे; बोट नव्हे, पाण्याखाली उतरून काम करणारी. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका भांडणाविषयी आहे. घर आणि जमीन केवळ मृत्युपत्राला शोभा यावी म्हणून घेतली आहे.

कलम १. कुटुंब. पत्नी सौ. सौदामिनी. मूलबाळ नाही. याबद्दल ज्यांना सल्ला द्यायचा होता त्यांचा देऊन झाला आहे; नवीन स्वीकारला जाणार नाही. भाऊ यज्ञेश, भावजय राजश्री, पुतणी मृण्मयी. पुतणी गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहते. लातूरच्या क्लासात दोनदा जमले नाही, तेव्हा नांदेडच्या क्लासात जमेल, असे तिच्या बापाने ठरवले. दुखणे तेच, दवाखाना बदलला.

कलम २. राहते घर सौदामिनीचे. तसे ते आधीपासून तिचेच आहे. माझ्याकडे त्यातले एक कपाट होते.

कलम ३. भोकरजवळची वडिलोपार्जित शेतजमीन, माझ्या हिश्श्याची, यज्ञेशला द्यावी. कुणाला वाटेल की राग आला तर जमीन कशी देतो. तर राग घड्याळांपुरता आहे. यज्ञेशने फोटो टाकले ते दुष्टपणाने नव्हे, मास्तरपणाने. तो समोर बसलेल्या प्रत्येक वस्तूचे किती मार्क होतात ते पाहतो. मीही त्याच धंद्यातला, मला ते ओळखू येते.

कलम ४. ग्रंथ. वडिलांच्या पोथ्या आणि माझी व्याकरणाची पुस्तके ज्या संस्थेला हवी तिने न्यावीत. कुणालाच नको असल्यास यज्ञेशच्या क्लासात काचेच्या कपाटात ठेवावीत. पालकांवर छाप पडते.

कलम ५. हत्यारे. घड्याळाचे झाकण उघडण्याची किल्ली, डोळ्याचे भिंग, चिमटे, काचेखालची हवा तपासण्याचा छोटा पंप. ही सर्व लातूरचे घड्याळजी श्री. संगप्पा यांना द्यावीत. ताबा देण्याचा प्रश्न नाही, ती त्यांच्याकडेच आहेत. उसनी नेली होती. मला संगप्पांना साक्षीदार करायचे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये. संगप्पा म्हणाले, "सर, मग सही ऱ्हाऊ द्या. हत्यारं बरी."

कलम ६. घड्याळे माझ्याकडे कशी आली. हे वकिलांनी गाळायला सांगितले होते. गाळलेले नाही. कारण पुढेमागे कोर्टात कुणी म्हणेल की वेडाच्या भरात घेतली.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या आठवड्यात औसा तालुक्यात मदतीचे तंबू होते. कोण कुठून आला ते कुणालाच कळत नव्हते. त्यात पिण्याच्या पाण्याचे काम करणारे एक छोटे जर्मन पथक आले. दुभाषा पाहिजे होता. तंबूतल्या एका साहेबांनी विचार केला की जर्मन लोकांना संस्कृत येते, तेव्हा संस्कृतवाल्यांना जर्मन येत असणार. मी तेव्हा लातुरात तासिकेवर शिकवत होतो. मला जीपमध्ये घालून नेले.

मी म्हणालो, "साहेब, मला जर्मन येत नाही."

साहेब म्हणाले, "न्हाई कसं? तुमचंच तर हाय ते सगळं."

पथकाला संस्कृत येत नव्हते. आम्ही दोन्ही बाजूंनी मोडके इंग्रजी बोलून आणि हातवारे करून वेळ भागवली. उत्कृष्ट जर्मन दुभाषा म्हणून मला मिळालेले प्रशस्तिपत्र पुस्तकांच्या कपाटात आहे. तेही यज्ञेशला द्यावे.

विहिरींत घरांचे दगड पडले होते. पथकातला एक उंच, लालबुंद माणूस तोंडाला नळी लावून विहिरीत उतरायचा. उतरण्याआधी तो मनगटावरच्या जाड घड्याळाची बाहेरची रिंग बोटाने फिरवायचा. खट, खट, खट. मी विचारले, हे काय. त्याने समजावले: रिंगेवरची खूण मिनिटाच्या काट्याशी आणायची आणि खाली जायचे. खाली डोके नीट चालत नाही, तिथे हिशेब करत बसू नये. काटा खुणेपासून किती सरकला ते नुसते पाहायचे आणि वेळ झाली की वर यायचे. परत कधी यायचे ते कोरडे असतानाच ठरवून टाकायचे.

त्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळचा भरवसा कुणी देत नव्हते. अशा गावात हा माणूस परत येण्याची वेळ बोटाने पक्की करून विहिरीत शिरत होता. मला त्या घड्याळाचा मोह तिथेच पडला. कंपनी विचारली तर म्हणाला, कंपनी नाही, माझ्या गावात दोघे भाऊ बनवतात, वर्षाला थोडीशीच.

पुढे लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. संस्कृत हा मार्कांचा विषय. ज्या मुलांना संस्कृत आयुष्यात पुन्हा कधी लागणार नव्हते त्यांना मी ते पत्र्याच्या शेडमध्ये, माइक लावून, शंभरपैकी शंभर शिकवले. त्या कमाईतून एकेक घड्याळ आले. पहिले त्या दोघा भावांचे. दुसरे जपानमधल्या एका म्हाताऱ्याचे. त्याचे रेडियम अंधारात असे उजळते की सौदामिनी कपाट उघडून त्याच्या उजेडात चष्मा शोधते. तिसरे नारिंगी तबकडीचे, फिनलंडचे. त्याला घरात झेंडू म्हणतात. चौथे बंगळूरच्या दोन पोरांनी नोकरी सोडून केलेले. पाचवे स्कॉटलंडमधल्या एका नवराबायकोचे. नवरा घडवतो, बायको तपासते आणि बहुधा नापास करते.

ही माणसे जाहिरात देत नाहीत. नाव नोंदवायचे आणि थांबायचे. मधेच पत्र येते की काट्याचा रंग मनास आला नाही, पुन्हा करत आहोत, क्षमस्व. लातुरात अशा माणसाचा क्लास महिन्यात बंद पडला असता. मी मात्र इतकी वर्षे दुसऱ्यांच्या घाईवर जगलो होतो. घाई न करणाऱ्या पाच घरांना पैसे देण्यात मला फार सुख वाटले आणि अजून वाटते.

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात फिनलंडचे घड्याळ पोचले. आमच्या घरमालकीण सरजाबाई हंडा घेऊन दारात उभ्या होत्या.

"काय आलं सर?"

"घड्याळ. पाण्यात तीनशे मीटर खोल चालतं."

त्यांनी हंड्यात पाहिले, मग माझ्याकडे. "नळाला पानी न्हाई आन् तुमी बुडायचं घड्याळ घेऊन राहिले?"

मुद्दा मला मान्य होता. घड्याळ मात्र परत पाठवले नाही.

कलम ७. कुंकवाचे प्रकरण. घड्याळे कुणाला द्यायची हे या प्रकरणाने ठरले, म्हणून सविस्तर.

खंडेनवमीला घरातली शस्त्रे पुजायची. आमच्या घरी शस्त्रे म्हणजे विळी, अडकित्ता आणि माझी लाल पेने. गेल्या खंडेनवमीला सौदामिनीने पाचही घड्याळे पाटावर मांडली आणि प्रत्येकाला गंध लावून वर ओले कुंकू वाहिले. चार घड्याळांनी ते गोड मानून घेतले. स्कॉटलंडच्या घड्याळाची रिंग अडकली ती अडकलीच.

मी काही बोललो असेन. ती म्हणाली, "देवाच्या कुंकवानं बिघडत असेल तर घड्याळच हलकं म्हणायचं."

संगप्पांनी भिंगातून पाहिले आणि हात काढून घेतला. मी फोटो जोडून स्कॉटलंडला लिहिले. बाईंचे उत्तर आले: रिंगेखाली जो लाल पदार्थ दिसतो तो कोणता? मी कुंकू म्हणजे काय, खंडेनवमी म्हणजे काय, हे दोन पाने लिहिले. इतके चांगले उत्तर माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने लिहिलेले नाही. त्यावर त्यांचे एक ओळीचे पत्र आले. घड्याळ शेवटचे पाण्यात कधी नेले होते?

खरे उत्तर असे होते की पाचही घड्याळांपैकी एकही कधी पाण्यात गेले नव्हते. मला पोहता येत नाही. मी त्यांना रुमालाने पुसत होतो, चावी देत होतो, पावसात निघताना मनगटावरून काढून ठेवत होतो. त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही.

मृण्मयीला पोहता येत होते, हे मला त्या सुमारास कळले. सकाळी ती अभ्यासिकेत जाते असे मला वाटे. ती पोहण्याच्या तलावावर जायची. तिची काकू म्हणाली, "मला ठाऊक होतं. अभ्यासिकेतून कुणी ओले केस घेऊन येत नसतं."

जानेवारीत मी तिला घेऊन विष्णुपुरीच्या धरणावर गेलो. जाळेवाल्यांची होडी ठरवली, तिच्या मनगटावर स्कॉटलंडचे घड्याळ बांधले आणि काठावर बसून राहिलो. ती बुडी मारायची, वर यायची, रिंग दाबून पाहायची, मान हलवायची, पुन्हा खाली. पाण्यावर एक पुसट लाल रेघ उमटली आणि गेली. मग तिने हात वर केला.

"काका, फिरायलंय."

ती होडीला धरून रिंग फिरवत होती आणि मी काठावरून आवाज ऐकत होतो. त्याच दिवशी पलीकडे दोन पाणबुडे धरणाचे गेट तपासायला उतरले होते. ती ओल्या कपड्यांनी त्यांच्याकडे गेली आणि जेवायची वेळ टळून गेली तरी परत येईना. शेवटी मी गेलो. त्यातला एकजण माझ्या हातातली घड्याळाची डबी पाहून म्हणाला, "सर, आता कोण घड्याळ घालतंय? मनगटावर कॉम्प्युटर असतोय."

मी म्हणालो, "संस्कृत तरी आता बाजारात कोण बोलतंय?"

तो हसला. मृण्मयी हसली नाही. ती म्हणाली, "काका, मला हे काम करायचंय. पूल, धरणं, जहाजं, सगळीकडं लागतात म्हणे. केरळात शिकवतात." तीन वर्षांत तिने स्वतःहून सांगितलेली ही पहिली इच्छा होती. परीक्षा तरीही दिली, बापासाठी. निकाल आठवड्यापूर्वी लागला आणि यज्ञेश दुसऱ्या दिवशी गाडी काढून आला.

"दादा, जागा बघून ठेवलीय. तुझी घड्याळं निघाली की भरून टाकू."

"तिला विचारलंस?"

"तिला काय कळतंय?"

"मग एवढं न कळणारीला डॉक्टर करून लोकांच्या अंगावर कशाला सोडून राहिलास?"

"तुला चेष्टा सुचतीय. माझ्या बोर्डावर दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो, आन् माझी पोरगी धरणाच्या गेटाला लोंबकळणार? त्या पोरांचे आईबाप मला काय विचारतील?"

स्वयंपाकघरातून आवाज आला. "लोंबकळत नाहीत, बाबा. बूट जड असतात."

यज्ञेश खाली बसला. राग ओसरल्यावर तो हळू म्हणाला, "पाण्यातून ती वर आली नाही तर मी काय करू, ते सांग." या प्रश्नाची चेष्टा मी केली नाही. मी त्याला विहिरीतल्या त्या माणसाविषयी सांगितले. त्याला पटले नाही. पटेल अशी अट या मृत्युपत्रात घातलेली नाही.

कलम ८. सबब, पाचही पाणबुडी घड्याळे, त्यांच्या डब्या, जादा पट्टे व रबरी वायसरांसह, माझी पुतणी मृण्मयी यज्ञेश जळकोटकर हिला द्यावीत. ती तिच्या पूर्ण मालकीची राहतील. तिने ती वापरावीत, उसनी द्यावीत, विकून शिकण्याची फी भरावी. कशाचीही मनाई नाही. समुद्रात हरवली तरी माझी हरकत नाही. कपाटात हरवू नयेत. मेडिकलच्या जागेसाठी मात्र त्यांतला एक पट्टाही विकला जाऊ नये. हे कलम कुणी कोर्टात आव्हानित केल्यास त्याने आधी पोहायला शिकावे व मगच अर्ज करावा. वकिलांच्या मते ही अट टिकणार नाही. टिकेल तेवढी टिकावी.

कलम ९. वरील कलम वाचून दाखवल्यावर अ‍ॅड. गुरुलिंग यांनी पेन खाली ठेवून मला विचारले, "सर, मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होणार. तोवर पोरीनं काय करायचं?"

मी डॉ. शिवशंकर यांना फोन लावला. ते आनंदाने म्हणाले, "सर, स्टेंट छान बसलाय. वीस-पंचवीस वर्षं बघायला नको."

म्हणजे माझ्या उत्तम तब्येतीची सगळी वर्षे ती मुलगी परीक्षा देत बसणार. भावाला आडवे जाण्यासाठी मी जो कागद करत होतो त्यात सर्वांत मोठा अडसर मीच होतो. माझ्या मरणाची वाट पाहण्याची पाळी यज्ञेशऐवजी मृण्मयीवर आली होती.

तेव्हा त्याच दुपारी मी पाचही घड्याळे तिला हातोहात दिली आणि बक्षीसपत्र लिहून दिले. संध्याकाळपर्यंत तिने स्कॉटलंडचे मागणाऱ्या त्या पुण्याच्या गृहस्थांना जपानचे घड्याळ विकून टाकले आणि फी भरली. मला विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. नेमके ते माझे सर्वांत लाडके होते. मी दोन घास कमी जेवलो. सौदामिनी म्हणाली, "आता चष्मा कशात शोधायचा?" आणि माझ्या ताटात भात वाढला.

परवा ती केरळला गेली. यज्ञेश स्टेशनवर आला नाही. माझ्याशी बोलत नाही. तिला मात्र फोन करतो आणि जेवलीस का विचारतो, असे कळते. माझ्याशी न बोलण्याचा त्याचा हक्क मी येथे मान्य करतो.

परिणामी कलम ८ मध्ये जे देऊ केले आहे ते माझे राहिलेले नाही आणि ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला घेतले ते त्यात उरलेले नाही. वकील म्हणाले, कलम काढून टाकू. मी काढू दिले नाही. मी ते द्यायला तयार होतो, हे कागदावर असू द्यावे. राहिलेल्या कलमांची अंमलबजावणी सौदामिनीने करावी. मला न विचारता ती हे काम चांगले करेल.

मी हा मजकूर वाचला, वाचून दाखवला आणि समजून सही करत आहे. या दस्तऐवजात एकच उणीव आहे, ती म्हणजे मी अजून मेलेलो नाही; आणि ती भरून काढण्याची मला मुळीच घाई नाही.

स्थळ: नांदेड
दिनांक: २० जून २०२३, आषाढ शुद्ध द्वितीया, शके १९४५

(सही) राघवेंद्र मार्तंड जळकोटकर

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि ज्यांना यातले काहीही मिळत नाही:

१. (सही) डॉ. शिवशंकर, नांदेड
२. (सही) सरजाबाई, लातूर, ह्या माझी तब्येत पाहायला आल्या असता